नायमिस्त्रींचा उघडा जोड

नायमिस्त्रींच्या तोंडून पहिला शब्द ‘नाय’ असाच यायचा. गिऱ्हाईक गाडीतून पुरतं उतरलेलंही नसायचं. काय मोडलंय, घाई किती आहे, हे सगळं नंतर. मग ते बाकावरून उठायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे, पुढच्या चाकाशी उकिडवे बसून आत हात घालायचे आणि चाचपायचे. हात बाहेर काढून बोटांना लागलेला गंज बघायचे आणि दुसरं वाक्य यायचं, “सोडून जा.” या दोन वाक्यांवर त्यांचा धंदा चालायचा. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीसमोर जुने टायर रचलेले असल्यामुळे ते फारसं कुणी वाचलं नसावं. पालघरपासून तारापूरपर्यंतचे तीनचाकीवाले त्यांना नायमिस्त्रीच म्हणत, आणि तोंडावर म्हटलेलंही त्यांना चालायचं.

गॅरेज पालघर-बोईसर रस्त्यावर होतं, बोईसर लागायच्या जरा अलीकडे. त्याच्या मागच्या पत्र्याच्या चाळीत माझी खोली होती. मी तेव्हा एका दैनिकाचा बोईसरचा वार्ताहर होतो. कारखान्यातली आग, नाल्यातलं रंगीत पाणी, कामगारांचं धरणं, रस्त्यावरचे अपघात, अशा बातम्या पाठवून झाल्या की संध्याकाळी मी गॅरेजच्या बाकावर जाऊन बसायचो. मिस्त्री माकुणसार गावचे. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी बरीच वर्षं फॅब्रिकेशन, म्हणजे लोखंडी सांगाडे जोडायचं काम, केलं होतं. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी वेल्डिंगचं जुनं मशीन घेतलं आणि हा गाळा भाड्याने घेतला. इंजिनाला ते हात लावत नसत, वायरिंगला नाही, ब्रेकला नाही. एकच काम धरलं होतं, तीनचाकी टेम्पोची पुढची चौकट काढायची, दुरुस्त करायची आणि परत बसवायची.

हे काम या भागात कधी संपत नाही, आणि त्याचं कारण समुद्र आहे. किनाऱ्यावरच्या गावांतून मासळी टेम्पोने बाजारात येते. मागचा हौदा पाट्यांनी भरला की उरलेल्या पाट्या ड्रायव्हरच्या पायाशी ठेवतात. बर्फ वितळतो, खारं पाणी गाडीच्या तळाच्या पत्र्यावर साठतं आणि दर ब्रेकला पुढे वाहत जातं. पुढच्या चाकाचा फोर्क ज्या नळीत फिरतो, ती नळी चौकटीला जिथे जोडलेली असते तिथे ते पाणी मुरतं. सगळा भार पेलणारी हीच जागा. वरून पत्रा असल्यामुळे ती कुणाला दिसत नाही. गाडी एका बाजूला ओढायला लागते, हँडल हातात थरथरतं, आणि ड्रायव्हर म्हणतो की रस्ता खराब आहे.

बाकीचे वेल्डर त्या जागेवर वरून लोखंडाची पट्टी ठोकून द्यायचे. तासाभरात गाडी रस्त्यावर. नायमिस्त्रींचं पहिलं ‘नाय’ होतं ते या पट्टीला. एकदा औद्योगिक वसाहतीत माल टाकणारा एक ड्रायव्हर अडून बसला होता. “मिस्त्री, सिर्फ पट्टी मार दो ना, शाम को लोड है.” मिस्त्री वर न बघता म्हणाले, “पट्टी हॉस्पिटल में मारता है. उधर जाव.” ड्रायव्हर चिडून म्हणाला, “आपको धंदा करना है कि नहीं?” ती गाडी पुढच्या चौकातल्या वेल्डरकडे गेली. अशा कितीतरी गेल्या. मिस्त्रींच्या पत्नी सुमतीकाकी मागच्या खोलीतून हे ऐकायच्या आणि भांडी जरा जास्त जोरात आपटायच्या.

त्यांची चौकट काढायची रीत बघण्यासारखी होती. आधी गाडीच्या पोटाखाली लोखंडी घोडी सरकवायची. मग काच, पुढचा पत्रा, हँडल, क्लच आणि गिअरच्या तारा. प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाच्या चिंधीची गाठ, म्हणजे परत लावताना चुकायला नको. मग चाक, मग फोर्क. शेवटी उरायची ती नुसती चौकट. गाडीचं तोंड काढून ठेवल्यासारखं दिसायचं. ती बाहेर काढून ते तारेच्या ब्रशने घासायचे, आणि मग हातोडीने सगळीकडे हलकेच ठोकत जायचे. चांगल्या लोखंडाचा आवाज वेगळा, सडलेल्याचा वेगळा. सडलेलं सगळं कापून काढायचं, नवा तुकडा घासून बरोबर बेतायचा, चार ठिकाणी टाके मारायचे, मग मागच्या दोन्ही चाकांपासून पुढे दोरी ताणून चौकट सरळ बसते की नाही ते बघायचं. केसभर फरक दिसला तरी टाके तोडून पुन्हा. तोवर गाडीवाला घरी बसलेला. रोज फोन करायचा. मिस्त्री फोन उचलायचे आणि पहिला शब्द म्हणायचे.

सगळ्यात जास्त भांडणं त्यांच्या शेवटच्या रीतीवरून व्हायची. वेल्डिंगचा जोड पूर्ण झाला की त्यावर ते रंग मारू देत नसत. बाकी चौकट रंगवायचे, पण जोड आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं बोटभर लोखंड तसंच उघडं ठेवायचे. त्यावर ग्रीसचा पातळ हात. गाडी देताना पुढच्या पत्र्याखालची ती जागा गिऱ्हाइकाला वाकून बघायला लावायचे आणि सांगायचे, “दर अमावास्येला फडक्याने पुसायचं आणि बगायचं. गंजाची लाल रेघ दिसली म्हणजे तडा गेला, गाडी हलवायची नाय, मला फोन करायचा. हितं रंग मारायचा नाय. पासिंगला मारायला लावला तर नंतर खरवडून काढायचा.” अमावास्या यासाठी की तेव्हा गाडीला नारळ फोडतात, लिंबू-मिरची बदलतात, म्हणजे गाडीजवळ जाणं होतंच. गिऱ्हाईक मान हलवायचं. बरेच जण पुढच्या वळणावर विसरत असतील. ज्यांनी लक्षात ठेवलं त्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं चालल्या.

ते गोड बोलणारे नव्हते, आणि आपल्या कामाबद्दल नम्र तर मुळीच नव्हते. दुसऱ्याने केलेला जोड समोर आला की तो कुणी केला ते विचारायचे आणि त्या माणसाची सर्वांदेखत चिरफाड करायचे. स्वतःची चूक निघाली की तीही तितक्याच मोठ्याने सांगायचे. एकदा दोरी ताणल्यावर चौकट वाकडी निघाली. गिऱ्हाईक तिथेच उभं होतं, त्याला काही कळलं नव्हतं. मिस्त्री त्याला म्हणाले, “माजी चूक झाली. उद्या या.” तो म्हणाला, “अहो चालेल, एवढं काय.” मिस्त्रींनी त्याच्यासमोर टाके तोडले. झाकून ठेवणं हा प्रकार त्यांना जमायचाच नाही. घरातही जमायचा नाही. काकींच्या भावाच्या दारूचा विषय त्यांनी त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात काढला होता, असं काकी सांगायच्या.

पालघरजवळच्या माहीमचा जयवंत आणि त्याची बायको रतन त्यांच्याकडे आले ते असंच हँडल थरथरतं म्हणून. जयवंत होडीवर जायचा आणि उरलेल्या वेळात टेम्पो चालवायचा. रतन मासळी विकायची, आणि गावातल्या दोन-तीन बायकांच्या पाट्याही त्याच गाडीतून यायच्या. टेम्पो हीच त्या घरातली मोठी वस्तू होती. मिस्त्रींनी ‘नाय’ म्हटलं. जयवंत गप्प बसला. रतन बसली नाही.

“काय नाय? अजून आमी काय बोललोच नाय.”

“पट्टी मारणार नाय.”

“पट्टी मागितली कुणी? तुमी आदी हात घालून बगा, मग नाय बोला.”

मिस्त्रींनी हात घातला. बोटं बघितली. “सोडून जा.”

“सोडून जाते. पण पाट्या कशावर नेऊ, तुमच्या डोक्यावर?” रतन बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. “काय हो मिस्त्री, लग्नात तरी हो बोलला होता का?”

“लग्नात मला कुणी इचारलं नाय,” मिस्त्री म्हणाले.

मागच्या खोलीतून काकी हसल्या. मी काकींना मोठ्याने हसताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

काम चालू होतं तेवढे दिवस रतन बोईसरच्या बाजाराला दुसऱ्याच्या गाडीने यायची आणि परत जाताना गॅरेजवर डोकवायची. काकींना पापलेट नाही तर बोंबील देऊन जायची. मिस्त्रींना म्हणायची, “तुमच्यासाठी नाय हां, काकींसाठी. तुमाला विचारलं तर तुमी नायच बोलणार.” तिचा प्रश्न रोज एकच असायचा, आज कुठपर्यंत आलं. इतर गिऱ्हाइकांवर खेकसणारे मिस्त्री तिला दाखवायचे. हे कापलं, हे नवीन, हे अजून व्हायचंय. ती वाकून बघायची आणि बोट लावून विचारायची. गाडी न्यायला मात्र जयवंत एकटा आला. मिस्त्रींनी त्याला वाकायला लावलं, जोड दाखवला, रंग मारायचा नाही ते सांगितलं. जयवंतने मान हलवली. तेव्हा मी बाकावर होतो.

नारळी पौर्णिमेच्या आधी किनाऱ्यावर होड्या रंगवतात. पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या घासून, भेगा बुजवून, जाड तेलरंगाचे हात देतात. रंग महाग, आणि डबा उघडला की पुरता वापरायचा असतो. म्हणून होडीचा उरलेला रंग दाराच्या चौकटीला लागतो, तुळशीच्या कट्ट्याला लागतो आणि घरात गाडी असली तर गाडीला लागतो. माहीम, सातपाटी या बाजूला असे कितीतरी टेम्पो दिसतात. होडी निळी तर टेम्पो निळा, होडीचं नाव तेच टेम्पोचं. होडीची पूजा होते तेव्हा टेम्पोलाही हार पडतो. होडीच्या रंगाचा थर जाड असतो. फळीतली भेग पाण्याला दिसू नये यासाठीच तो बनवलेला असतो. त्या वर्षी जयवंतचा टेम्पोही निळा झाला. पुढच्या पत्र्याखाली हात जाईल तिथपर्यंत निळा.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी माहीम-पालघर रस्त्यावर, एका मोरीच्या उतारावर त्या टेम्पोची चौकट तुटली. पुढचं चाक फोर्कसकट मागे दुमडलं आणि गाडी उलटली. जयवंत बाहेर फेकला गेला, त्याच्या बरगड्या मोडल्या. रतन त्याच्या शेजारी बसली होती. ती गाडीखाली सापडली आणि जागीच गेली. बातमी मीच दिली. मासळीचा टेम्पो उलटून महिला ठार, चालक जखमी. पोलिसांनी कारण सांगितलं नव्हतं, त्यामुळे बातमीत कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पेपर घेऊन खोलीवर आले. तोवर ते माझ्या खोलीत कधी आले नव्हते. दारातच उभे राहिले.

“उलटून लिवलंय. आपोआप उलटला का?”

“पोलिसांनी कारण दिलेलं नाही.”

“चौकट तुटली.”

“तुम्ही पाहिली?”

“नाय. पण उतारावर चाक मागे गेलं म्हणतात, म्हणजे चौकटच.” थोडा वेळ त्यांनी पेपरची घडी केली, उलगडली. “माजी चौकट.”

पंचनाम्यात वाहन जुनं आणि नादुरुस्त असल्याचं लिहिलं गेलं. ज्यांना मिस्त्रींचं नाव माहीत होतं त्यांना पंचनाम्याची गरज नव्हती. नायमिस्त्रीच्या जोडाने बाई मेली, असं किनाऱ्यावरच्या गावांत बोललं जाऊ लागलं. त्यांच्याच वयाचं एक जुनं गिऱ्हाईक गॅरेजवर आलं. त्याची गाडी घोडीवर होती, चौकट काढलेली, तारांना चिंध्या बांधलेल्या. तो म्हणाला, “मिस्त्री, राहू द्या. हाय तशी नेतो.” दुसऱ्या टेम्पोच्या हौद्यात त्याने आपली चौकट, चाक, पत्रा, सगळं टाकलं आणि उरलेली गाडी दोरीने ओढत नेली. मिस्त्रींनी तारांच्या गाठी त्याला समजावून सांगितल्या. तो ऐकत नव्हता. तरी त्यांनी सगळ्या सांगितल्या.

जयवंतने टेम्पो भंगारात दिला. तो बोईसरच्याच एका भंगारवाल्याकडे आला, आणि हे कळल्यावर मिस्त्री तिथे गेले. परत आले तेव्हा त्यांच्याकडे गोणपाटात गुंडाळलेला चौकटीचा तुकडा होता. बाकावर ठेवून त्यांनी तो मला दाखवला. जोड शाबूत होता. तो तुटला नव्हता. त्याला लागूनच, बोटभर अंतरावर लोखंड तुटलं होतं. तुटलेल्या कडेचा एक भाग ताजा होता, चकाकणारा. दुसरा भाग तपकिरी. आणि त्या तपकिरी भागावर, आतपर्यंत, निळा रंग उतरलेला होता. रंग तड्याच्या आत गेला होता, म्हणजे रंग मारला तेव्हा तडा आधीच होता. ग्रीस पुसून कुणी बघितलं असतं तर लाल रेघ दिसली असती.

“तुमी लिवा हे,” मिस्त्री म्हणाले.

मी कार्यालयात विचारलं. जुन्या अपघाताची पुन्हा बातमी होत नाही, आणि एका वेल्डरच्या म्हणण्यावर तर नाहीच, असं उत्तर मिळालं. मी ते त्यांना जसंच्या तसं सांगितलं.

“मग मीच जातो,” ते म्हणाले. “तुमी फकस्त बरोबर चला. काय बोलणं झालं ते ऐकणारा एक माणूस पायजे.”

काकी दारात येऊन उभ्या होत्या. “बाराव्याला गेला नाय, आता कशाला जाता? बाई गेली त्याची.”

“म्हणूनच. त्याला कळायला नको, कशाने गेली ते?”

काकी म्हणाल्या, “कळून करायचंय काय?” मिस्त्री मोटारसायकल काढायला गेले होते. त्यांनी ते ऐकलं नसावं.

माहीमला जयवंत अंगणात जाळं विणत बसला होता. छातीला पट्टा बांधलेला होता. बाजूला बोंबील वाळत होते. त्याची मोठी बहीण घर सांभाळायला आली होती. तिने आम्हाला पाणी दिलं. मिस्त्रींनी विचारपूस केली नाही. रतनबद्दल एक शब्द बोलले नाहीत. गोणपाट सोडून त्यांनी तुकडा ओट्यावर ठेवला आणि मला दाखवलं होतं तसंच त्याला दाखवलं. हा जोड, हा तुटला नाय. हे बाजूचं. हे ताजं, हे जुनं. हा रंग.

जयवंतने वाकून बघितलं. “रंग आमचाच हाय,” तो म्हणाला.

“तडा आदीचा हाय. तू त्याच्यावर रंग मारलास.”

“मी नाय. मी होडीवर होतो. टेम्पो रतनने रंगवला.”

मिस्त्री थांबले. त्यांच्या डोक्यात ही गोष्ट आली नव्हती, हे मला शेजारून स्पष्ट दिसलं. एखादा माणूस इथे तुकडा परत गोणपाटात गुंडाळून उठला असता. मिस्त्रींनी पुढचा प्रश्न विचारला.

“मी तुला सांगितलं होतं, तिथे रंग मारायचा नाय. तू तिला सांगितलं नव्हतंस?”

जयवंतने जाळ्याची गाठ घट्ट केली. मग दुसरी बांधली.

बहीण पुढे झाली. “मिस्त्री, उठा. मेलेल्या बाईवर आळ घ्यायला आलात काय?”

“आळ नाय. मी इचारतोय.”

“इचारून झालं ना? उठा आता.”

परत येताना पालघरला चहाला थांबलो तेव्हा मिस्त्री म्हणाले, “मला वाटलं, जयवंताने मारला असंल. बाईने मारला हे माइत असतं तर…” मी विचारलं, “तर आला नसता?” त्यांनी चहा संपवला, ग्लास ठेवला. “आलो असतो,” ते म्हणाले.

यानंतर जे व्हायचं ते झालं. आधी लोक म्हणत होते की मिस्त्रीचं काम वाईट. आता म्हणू लागले की मिस्त्री माणूस वाईट. काम वाईट असलं तर लोक एकदा शिव्या देऊन परत येतात. माणूस वाईट ठरला की येत नाहीत. गेलेल्या बाईला दोष द्यायला तिच्या दारात गेला, असं जो तो सांगायचा, आणि ते घडलेलं होतं. रतनला काही माहीतच नव्हतं, जयवंतने सांगायचं राहिलं असेल, बिचाऱ्याला अजून त्याबद्दल बोलवत नाही, अशीही एक समजूत गावात तयार झाली. तिच्यात जयवंतबद्दल कणव होती. मिस्त्रींबद्दल कुणाला नव्हती. गॅरेजवर येणाऱ्या गाड्या कमी झाल्या, मग थांबल्या. त्याच सुमारास किनाऱ्यावर चारचाकी छोटे टेम्पो हप्त्यावर मिळू लागले होते, तेही एक कारण झालं. काकी म्हणायच्या, “खरं उशाला घेऊन झोपतात. चूल कशी पेटते ते बगत नायत.”

गॅरेज रिकामं होत असताना मी त्यांना एकदाच विचारलं. एका फॅब्रिकेशनच्या फोरमनने मला सांगितलं होतं की वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं लोखंड कडक होतं, आणि चांगल्या जोडाच्या शेजारीच पहिला तडा जातो. म्हणजे तडा जोडामुळेच गेला, असंही म्हणता येईल. मला वाटलं, ते भडकतील. ते भडकले नाहीत.

“म्हणता येतं,” ते म्हणाले. “जोड मारला की बाजूचं कमजोर होतंच. माजा असो नाय तर कुणाचा. म्हणून तर उगडं ठेवायचं. जोड टिकणार असता तर मी कशाला सांगत बसलो असतो, पुसा आणि बगा म्हणून? मी सांगतो आणि लोक मान हलवतात. ऐकत कुणी नाय. इतकी वर्षं सांगितलं, एकाने ऐकलं असंल असं मला वाटत नाय.”

गाळा सोडून ते वसाहतीतल्या एका ठेकेदाराकडे कामाला लागले. तिथे टाक्यांचे सांगाडे बनतात. जोड झाला की घासायचा, आणि घासला की लगेच लाल प्रायमर मारायचा, हा तिथला नियम. त्यासाठी रंगाचा डबा घेऊन एक माणूस त्यांच्या मागे उभाच असायचा. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा विचारलं, कसं वाटतं. “टाक्या एका जागी उभ्या असतात,” ते म्हणाले. “त्यांच्यात कुणी बसत नाय.” एवढंच. मग मी नोकरी बदलून पालघरला आलो आणि भेटी विरळ झाल्या. छातीचं दुखणं त्यांनी अंगावर काढलं. हे एवढं एकच त्यांनी झाकून ठेवलं असावं.

गेल्याचा फोन काकींनी केला. माकुणसारच्या स्मशानात थोडीच माणसं होती. भाऊबंद, ठेकेदाराकडचे दोघंतिघं, मी. नंतर एक छोटा टेम्पो येऊन उभा राहिला आणि त्यातून जयवंत उतरला. केस पिकले होते. तो चितेजवळ गेला नाही. माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मी त्याला ओळख दिली. चिता पेटल्यावर तो बोलला.

“रतनने इचारलं होतं मला. होडीच्या बाजूलाच ब्रश घेऊन गाडीखाली बसली होती. तिथून हाक मारली, इथं मिस्त्री नको बोललेत ना, उगडंच ठेवू का. मी होडीवर होतो. मी बोललो, मार गं, सणाचं उगडं बरं दिसत नाय, मिस्त्री कुठं बगायला येतोय.”

“तिला कसं माहीत होतं?”

“मी सांगितलं होतं ना घरी आल्यावर. ती तर अमावास्येला पुसायची पण, तोवर रेघ कदी दिसली नव्हती. रंग मारल्यावर मग पुसायला काय राहिलंच नाय.”

“हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“बहीण होती. पोरं घरात होती.” तो आगीकडे बघत होता. “मग लोक मिस्त्रीला बोलायला लागले. मला बरं वाटायचं. कुणीतरी बोलणी खातोय, मला खावी लागत नायत. एकदा यायचं होतं. गॅरेजपर्यंत आलो पण होतो. बंद होतं.”

“ते वसाहतीत होते. सगळ्यांना माहीत होतं.”

“माइत होतं,” जयवंत म्हणाला. “आता नायत म्हणून बोलता येतंय.”

तो निघून गेला. मिस्त्रींच्या घरी परतल्यावर काकींनी विचारलं, माहीमचा आला होता म्हणे, काय म्हणाला. मी त्याचं बोलणं एक शब्द न गाळता सांगितलं. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “म्हणजे रतनने ऐकलं होतं. पुसत होती.”

“हो.”

“दर अमावास्येला?”

“तसं म्हणाला.”

“हे एवढं त्याने यांना येऊन सांगितलं असतं ना,” काकी म्हणाल्या, “बाकीचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.”